शाळेचीही मशागत दरसाल हवी

मृगाच्या आधी घरोघर एकच बोलणे असते. बियाणे कोणते घ्यायचे, खत किती लागेल, पैसा कोठून उभा करायचा, आणि खालच्या रानात गेल्या साली कपाशी का बसली नाही. जाणता शेतकरी गेल्या सालचा हिशेब काढल्याशिवाय नव्या सालची पेरणी करीत नाही.

त्याच दिवसांत गावातली शाळाही उघडते. मुलांना दप्तर आणि वह्या घेऊन दिल्या की आपण मोकळे होतो. गेल्या साली शाळेत काय पिकले, काय बुडाले, यंदा काय सुधारायचे, हा हिशेब किती गावांत निघतो? पीक बुडाले तर एक हंगाम जातो आणि पुढच्या हंगामात तो थोडाफार भरूनही निघतो. मूल वाचायला न शिकता चौथीच्या पुढे गेले, तर पुढची सगळी पुस्तके त्याला बंद राहतात. या नुकसानीचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शाळा सुधारण्याची योजना कशी आखावी आणि ती दरसाल पुढे कशी न्यावी, याचा विचार आपण या लेखात करू.

योजना कोणी करायची?

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याने जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद आई-वडील किंवा पालकच असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, मिळालेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही या समितीची कामे आहेत. शाळेला द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडाच असावा, असेही कायदा सांगतो.

म्हणजे योजना आखण्याचा हक्क पालकांच्या हातात आहे. पण पुष्कळ गावी होते ते असे: मुख्याध्यापक एकटेच रात्री बसून कागद भरतात, सभासद दुसऱ्या दिवशी सह्या करतात, आणि पुढच्या साली तोच कागद तारीख बदलून जातो. अशा आराखड्यात बहुधा संरक्षक भिंत, रंगकाम आणि संगणक एवढेच असते. भिंत हवीच, पण भिंतीला रंग दिल्याने मुलाला वाचता येत नाही. आराखड्याच्या पहिल्या ओळीत मूल असावे आणि बाकीच्या वस्तू त्याच्या मागून याव्यात.

आधी परीक्षण

माती तपासल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हे आम्ही बांधावर उभे राहून नेहमी सांगतो. शाळेचेही तसेच आहे. जून-जुलैत गुरुजींच्या मदतीने तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाला एकेक करून शेजारी बसवा आणि वाचायला द्या. आधी अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पुस्तकातला छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडते ती त्याची पातळी. गणितातही तसेच: एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशभरच्या खेड्यांत ‘असर’ नावाची जी पाहणी होत आली, तिची पद्धत अशीच साधी आहे. एका मुलाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

एक पथ्य मात्र पाळावे. ही मुलाची परीक्षा नव्हे आणि गुरुजींची झडतीही नव्हे. कोणाचे मूल कोठे अडले याची चर्चा चावडीवर होता कामा नये. नावे वहीत राहावीत, सभेत फक्त आकडे सांगावेत.

त्याच आठवड्यात शाळेच्या आवारातून एक फेरी मारावी. नळाला पाणी येते का, टाकी शेवटची कधी धुतली, मुलींचे स्वच्छतागृह उघडे आहे की कुलूपबंद, आत पाणी आहे का, पेटीतली पुस्तके मुलांच्या हातात जातात का, अपंग मुलासाठी उतरण आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. या फेरीत आया असाव्यात. मुलींच्या अडचणी त्यांना लवकर कळतात.

पिवळे पान दिसले की युरिया टाकू नये

पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी असे नसते. कधी मुळाशी पाणी साचलेले असते, कधी चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही. कारण न शोधता युरिया टाकला तर पैसा जातो आणि पीकही सुधारत नाही.

मूल मागे पडते त्यालाही अशीच निरनिराळी कारणे असतात. ते समजावेत म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, पहिली ते चौथीची दोन शिक्षकांची शाळा आहे आणि पट ४२ आहे. तिसरी-चौथीत २० मुले आहेत. त्यांतली ७ गोष्ट वाचतात, ६ उतारा वाचतात, ४ शब्दांवर अडतात आणि ३ अक्षरांवरच थांबली आहेत. म्हणजे ७ मुले मागे आहेत. आता हजेरीपत्रक उघडा. सातांपैकी तीन मुले कापूस वेचणीच्या दिवसांत महिना-दीड महिना गैरहजर होती. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. एकाला फळ्यावरचे दिसत नाही, पण ते घरी कोणाच्या ध्यानात आलेले नाही. दोघांचे आई-बाप ऊसतोडीला जातात आणि दिवाळीपासून ती मुले फडावर असतात.

मुले सात, पण उपाय चार प्रकारचे. वेचणीला जाणाऱ्या मुलांच्या घरी समितीने आधीच जाऊन बोलावे. धाकट्या भावाला अंगणवाडीत बसवले तर मुलगी मोकळी होते. ज्याला दिसत नाही त्याचे डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी ते मूल हजर राहील हे पाहावे. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहाची आणि शिक्षण हमी कार्डाची योजना राबविली गेली आहे. आपल्या तालुक्यात यंदा काय सोय आहे, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पावसाळ्यातच विचारून घ्यावे. गाड्या गाव सोडून निघाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

थोडेच निवडा, पण पुरे करा

पहिल्याच वर्षी वीस कामे लिहिली तर एकही पुरे होत नाही. तीन कामे निवडावीत. त्यांतले एक तरी शिकण्याचे असावे, एक आरोग्य-स्वच्छतेचे आणि एक हजेरीचे. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहाव्यात: काय करायचे, कोण करणार, केव्हापर्यंत, आणि झाले हे कशावरून ओळखायचे.

वरच्याच शाळेचे पाहा.

पहिले काम वाचनाचे. मागे असलेल्या सात मुलांना रोज एक तास त्यांच्या पातळीचे वेगळे शिकवणे आणि संध्याकाळी घरी पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून घेणे. जबाबदारी एका शिक्षकाची आणि प्रत्येक वस्तीवरच्या एका आईची. खूण अशी की, दिवाळीपर्यंत अक्षरांवरची तिन्ही मुले शब्दांवर यावीत आणि एप्रिलमध्ये उताऱ्याच्या खाली एकही मूल नसावे.

दुसरे काम हजेरीचे. सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवशी त्या वाडीच्या सभासदाने घरी जावे. खूण: नोव्हेंबरची हजेरी गेल्या नोव्हेंबरपेक्षा वाढलेली असावी.

तिसरे काम स्वच्छतागृहाचे. पाण्याची जोडणी ऑगस्टअखेर, सफाईचा वार ठरलेला, किल्ली शाळेतच. खूण: कोणत्याही दिवशी न सांगता गेले तरी दार उघडे आणि आत पाणी.

आई स्वतः शिकलेली नसेल तर ती वाचून कसे घेणार, असे कोणी विचारील. मूल अडखळते की सरळ वाचते हे कानाला कळते, त्यासाठी अक्षर ओळखावे लागत नाही. आई रोज शेजारी बसते एवढ्यानेही मूल पुस्तक उघडते.

परसबागेचे काम

हे काम आपल्या हातचे असल्याने थोडे सविस्तर सांगतो. शाळेतल्या दुपारच्या आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरले आहे. ४२ मुलांना रोज दोन किलोच्या वर भाजी लागते. ही सगळी भाजी बागेतून निघणार नाही, पण एक गुंठा जागा असेल तर चांगला हातभार लागतो.

शेवग्याची दोन झाडे, कढीपत्त्याचे एक आणि पपईची चार कडेला लावावीत. कुंपणावर दोडका आणि वाल चढवावेत. मधल्या वाफ्यांत मेथी आणि पालक दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरावेत, म्हणजे एकदम न येता सतत मिळतात. मेथी महिनाभरात काढणीला येते. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत सुरू होते. हात धुण्याचे पाणी बागेकडे वळवावे, पण साबणाचे पाणी पालेभाजीला न देता केळीच्या आळ्यात सोडावे. मुले बागेत असल्याने विषारी औषध बिलकूल फवारू नये. मावा दिसला तर निंबोळी अर्क पुरे. उन्हाळी सुट्टीत झाडांना पाणी कोण घालणार, हे मार्चमध्येच ठरवावे. पुष्कळ परसबागा मे महिन्यातच वाळून जातात.

याच वाफ्यांवर मुलांना माप, वजन, गुणाकार शिकवता येतो. किती पेरले, किती उगवले, किती भाजी निघाली, हे मुलांनीच वहीत लिहावे.

पैशाचा प्रश्न

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाच्या प्रमाणात वार्षिक अनुदान मिळते. किती आले, कशावर गेले, हे समितीच्या सभेत वाचून दाखवले पाहिजे आणि विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. नळजोडणी, कुंपण अशी कामे ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात घालता येतात. त्यासाठी ग्रामसभेत शाळेचा विषय लेखी मांडावा. मात्र वरच्या यादीतली वाचनाची, हजेरीची आणि सफाईच्या देखरेखीची कामे पाहा. त्यांना पैशापेक्षा वेळ अधिक लागतो.

महिन्याची सभा आणि वर्षाचा हिशेब

पेरणी करून कोणी थेट काढणीलाच रानात जात नाही. मधे डवरणी, खुरपणी, कीड-रोगाची पाहणी असते. समितीची दरमहा सभा ही तशीच पाहणी आहे. तिन्ही कामांचे वाचन व्हावे: काय झाले, काय राहिले, का राहिले. दिवाळीनंतर मुलांचे वाचन पुन्हा तपासावे. उपाय लागू पडत नसेल तर तो बदलावा. संध्याकाळी दूध काढण्याच्या वेळेमुळे आयांना बसता येत नसेल, तर वाचनाची वेळ पहाटेची करावी. योजना दगडावर कोरलेली नसते.

एप्रिलमध्ये जूनचे आकडे आणि एप्रिलचे आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहून पालकांना दाखवावेत. जे साधले ते चालू ठेवावे, जे राहिले ते पुढच्या साली पहिल्या क्रमांकावर घ्यावे आणि त्यात एखादे नवे काम जोडावे. आराखडा तीन वर्षांचा आणि त्याचे दरसाल एकेक तुकडे, अशी रीत आहे ती यासाठीच. मुख्याध्यापकांची बदली झाली, समिती बदलली, तरी वही शाळेत राहिली तर नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

गुरुजी आणि बाईंबद्दल दोन शब्द. दोन शिक्षकांवर चार वर्ग, शिवाय आहाराचा हिशेब आणि माहितीचे कागद असतात. त्यांच्याशी भांडून शाळा सुधारत नाही आणि त्यांच्यावर सोपवूनही सुधारत नाही. शिक्षक वेळेवर यावेत हे पाहणे जितके समितीचे काम, तितकेच त्यांना शिकवायला मोकळा वेळ मिळावा हे पाहणेही समितीचेच.

आज कितीतरी गावांतून सकाळी पिवळ्या गाड्या मुले भरून तालुक्याला जातात आणि गावच्या शाळेचा पट घसरतो. ज्याला परवडते तो मूल बाहेर पाठवतो. मागे राहतात ती शेतमजुराची, ऊसतोड्याची, एकट्या आईची मुले. गावची शाळा खालावली तर सगळ्यांत आधी त्यांचे नुकसान होते, आणि ती मुलेही याच गावची आहेत.

येत्या सभेला शाळेत जा. जाताना एक कोरी वही न्या आणि पहिल्या पानावर एवढेच लिहा: आपल्या शाळेत तिसरी-चौथीची मुले किती, आणि त्यांतली वाचणारी किती. बाकीची योजना त्या दोन आकड्यांतून आपोआप सुचू लागेल.