पडल्यावर उठायचे कसे? जमिनीवरची कुस्ती, ज्युदो आणि तरफ

डिसेंबर २०१८ मध्ये जालना शहरात 'महाराष्ट्र केसरी'च्या कुस्त्या झाल्या. बाला रफिक शेख याने आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याला हरवून मानाची गदा मिळवली. जिल्ह्यात असा मोठा फड झाला, की पुढचे काही दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर काय चालते, हे शिक्षकांना सांगायला नको. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, खाली पाडल्यावर त्याला उठता का येत नाही? तो तर वरच्यापेक्षा दांडगा होता!"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरात गुरुत्वमध्य येतो, तरफ येते, दाब येतो आणि न्यूटनचा तिसरा नियमही येतो. हे उत्तर आपण ज्युदोच्या आधाराने शोधू. आपल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या मागे जाऊन त्याच्यावर 'कब्जा' घेतात, घिस्सा मारून चीत करतात. जपानच्या ज्युदोतही जमिनीवरच्या झुंजीचे असेच स्वतंत्र शास्त्र आहे. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर २० सेकंद दाबून ठेवले, की तिथे पूर्ण विजय मिळतो.

एका मुख्याध्यापकाची विद्या

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा. ते अंगाने किरकोळ होते, शाळेत दांडगी मुले त्यांना त्रास देत. म्हणून ते जुनी जुजुत्सू विद्या शिकले. तिच्यातले जीवघेणे भाग त्यांनी काढून टाकले आणि १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात स्वतःची शाळा काढली. पुढे शिक्षक घडवणाऱ्या टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. म्हणजे ज्युदो ही एका शिक्षकाने शिक्षणासाठी रचलेली विद्या आहे. तिची त्यांनी दोन तत्त्वे सांगितली. आपली शक्ती कमीत कमी वाया घालवून जास्तीत जास्त उपयोगात आणणे हे पहिले, आणि आपले व दुसऱ्याचे भले एकत्रच साधणे हे दुसरे. पहिले तत्त्व भौतिकशास्त्राचे आहे, दुसरे समाजाचे. या लेखात आपल्याला दोन्ही लागणार आहेत.

कपाळावरचे एक बोट

उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या उंचीवर असतो आणि त्याचा पाया म्हणजे दोन पावलांनी वेढलेली जागा. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा या पायाबाहेर गेली, की माणूस कोसळतो. तो आडवा झाला, की चित्र पालटते. पाया रुंद होतो, गुरुत्वमध्य जमिनीलगत येतो. आता त्याला आणखी पाडणे शक्य नसते. प्रश्न उरतो तो त्याला उठू न देण्याचा.

हा प्रयोग वर्गात करून पाहा. एका विद्यार्थ्याला खुर्चीवर ताठ बसवा. पाठ टेकलेली, हात मांडीवर, पावले गुडघ्यांच्या थोडी पुढे. त्याच्या कपाळावर एक बोट ठेवून त्याला उठायला सांगा. वर्गातला सर्वांत बलवान मुलगाही उठू शकणार नाही. कारण उठण्यासाठी आधी डोके आणि छाती पुढे झुकवून गुरुत्वमध्य पावलांवर आणावा लागतो. बोट नेमके तेवढेच अडवते. पायांची सारी ताकद शाबूत असते, पण ती वापरण्याची वाट बंद होते.

जमिनीवरच्या पकडीचे मर्म हेच आहे. निष्णात खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या अंगाशी झगडत बसत नाही. उठण्याची सुरुवात जिथून होते, ते डोके, एक खांदा आणि कंबर, एवढेच तो ताब्यात ठेवतो.

वजन ठेवायचे कुठे?

समजा, वरच्या खेळाडूचे वजन ६० किलोग्रॅम आहे. त्याने गुडघे आणि कोपरे गादीवर टेकली, तर बरेचसे वजन गादी पेलते आणि खालच्याला फारसे जाणवत नाही. त्याने गुडघे उचलून पाय मागे ताणले व चवडे टेकवले, तर त्यातले ४० किलो खालच्याच्या छातीवर येऊ शकते. हे ४० किलो ४०० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम भार येतो. तेच १०० चौरस सेंटिमीटरवर आणले, तर भार चौपट, म्हणजे ४०० ग्रॅम होतो. वजन तेच राहिले, दाब मात्र बदलला. वजनकाट्यावर हलका असलेला खेळाडू गादीवर इतका जड का वाटतो, त्याचे एक कारण हे आहे.

कोपराची तरफ

ज्युदोच्या जमिनीवरच्या डावांत हात सरळ ताणून कोपराला अडकवण्याचा एक प्रसिद्ध डाव आहे. त्यात वरच्या खेळाडूची मांडी किंवा कंबर हा टेकू होतो आणि मनगट हे बल लावण्याचे ठिकाण. कोपरापासून मनगटाचे अंतर सुमारे २५ सेंटिमीटर धरू. हात वाकवणारा दंडाचा स्नायू मात्र कोपरापासून सुमारे ४ सेंटिमीटरवरच हाडाला जोडलेला असतो. मनगटावर २० किलोग्रॅम वजनाइतके बल लावले, तर २० × २५ = ५००. ते थोपवण्यासाठी स्नायूला ५०० ÷ ४ = १२५ किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागेल. दुसरीकडे ओढणारा खेळाडू केवळ हाताने ओढत नाही, त्याच्या पाठीची आणि कमरेची ताकद त्यामागे असते. सगळे शरीर एका बाजूला आणि एका हाताचा स्नायू दुसऱ्या बाजूला, अशी ही विषम लढत असते.

अशा वेळी हरणारा हाताने दोनदा थोपटतो आणि समोरचा त्याच क्षणी सोडतो. ही थाप म्हणजे ज्युदोतला करार आहे. सांधा अडकवणे किंवा गळा आवळणे हे प्रकार वर्गात किंवा मैदानावर मुलांनी मुळीच करून पाहू नयेत. ते तयार प्रशिक्षकासमोर आणि ठरलेल्या वयानंतरच शिकायचे असतात. आपल्याला तरफ समजावून द्यायला वर्गाचे दार पुरते. कडीपाशी एका बोटाने ढकलले तरी दार हलते, बिजागरीजवळ मात्र सगळा हात लावावा लागतो.

आणि सुटका?

खाली सापडलेला नवशिका खेळाडू वरच्याला हातांनी वर ढकलू पाहतो आणि लवकरच दमतो. जाणता खेळाडू गुडघे वाकवून पावले कमरेजवळ आणतो, ती जमिनीवर दाबतो, कंबर उचलतो आणि वरच्याचा आधार ज्या बाजूला नाही त्या बाजूला वळतो. पावलांनी जमीन खाली दाबली, की जमीन तेवढ्याच बलाने त्याला वर ढकलते. हाच क्रिया-प्रतिक्रियेचा नियम. ज्या जमिनीवर तो पडला, तीच त्याला उठायला मदत करते. पाय कुठे रोवायचा, एवढे मात्र कोणीतरी शिकवलेले असावे लागते.

कांतो आणि रोसिन्याची मुले

जमिनीवरच्या या विद्येत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यांत ब्राझीलचा फ्लावियो कांतो आहे. त्याचा जन्म १९७५ सालचा. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये ८१ किलो गटात त्याने कांस्यपदक मिळवले. प्रतिस्पर्धी खाली आला, की उसंत न देता त्याला पकडीत घेण्याबद्दल तो ओळखला जाई.

२००० सालच्या सिडनी ऑलिंपिकची संधी त्याच्या हातून गेली. त्याच सुमारास रिओ दी जानेरो शहरातल्या रोसिन्या या डोंगरउतारावरच्या मोठ्या गरीब वस्तीत तो मुलांना ज्युदो शिकवू लागला. त्यातून २००३ साली एक संस्था उभी राहिली. तिचे नाव 'रेआसांव', म्हणजे प्रतिक्रिया. विज्ञानाच्या शिक्षकाला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको! प्रशिक्षक जेराल्दो बर्नार्डेस हेही तिच्या कामात होते. ज्युदोबरोबर मुलांच्या शिक्षणाकडेही लक्ष द्यायचे, अशी संस्थेची रीत आहे.

या संस्थेत घडलेली राफाएला सिल्वा ही रिओतल्याच 'देवाचे शहर' अशा अर्थाचे नाव असलेल्या गरीब वस्तीतली मुलगी. मुली रस्त्यावर भांडत राहू नयेत म्हणून आईवडिलांनी तिला आणि तिच्या बहिणीला ज्युदोला घातले. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये नियमबाह्य पकडीमुळे ती बाद झाली. मायदेशातून तिच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. ती खेळ सोडायच्या बेतात होती, पण २०१३ साली ती जगज्जेती झाली आणि २०१६ साली रिओतच, आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या मैदानात, तिने ५७ किलो गटात ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. पुढे २०१९ साली उत्तेजक-चाचणीत दोषी ठरल्याने तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. ती भोगून २०२२ साली ती पुन्हा जगज्जेती झाली. मुलांना ही कथा सांगताना बंदीचा भाग गाळू नये. पडणे एकदाच नसते, आणि कधीकधी पडण्यात आपलाही दोष असतो, हेही त्यांना कळायला हवे.

याच संस्थेत कांगो देशातून आलेले पोपोले मिसेंगा आणि योलांदे माबिका हे दोन निर्वासित खेळाडू सराव करत होते. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या निर्वासितांच्या संघात ते खेळले. पदक मिळाले नाही, पण मिसेंगाने एक लढत जिंकली. वस्तीतल्या कामाचे माप केवळ पदकांत करू नये, हे यावरून लक्षात येते.

आपल्याकडचा टेकू

आपल्याकडचे एक उदाहरण तर मातीतलेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्णपदक मिळवणारे जपानचे शोहाची इशी हे मूळचे ज्युदोचे खेळाडू होते. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर निर्बंध आले, म्हणून ते कुस्तीकडे वळले. माती आणि गादी यांचे नाते असे जुने आहे.

आता पुन्हा जालन्याकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगीकडची कित्येक कुटुंबे ऊसतोडणीला जातात. ज्या मुलांची सोय हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे होत नाही, ती आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येऊन मागच्या बाकावर बसतात. अपूर्णांक पुढे गेलेले असतात, इंग्रजीचे धडे सुटलेले असतात. अशा मुलाला आपण पटकन 'कच्चा' म्हणतो. पण त्याची ताकद शाबूत असते, खुर्चीवरच्या त्या मुलासारखी. कपाळावरचे बोट तेवढे शोधायला हवे. कोणाचे बोट म्हणजे न येणारा भागाकार, कोणाचे म्हणजे वाचताना होणारे हसे, कोणाचे म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी.

प्रत्येक शाळेत ज्युदोची गादी येणार नाही आणि प्रत्येक शिक्षकाला घर गहाण ठेवता येणार नाही, ठेवूही नये. पण तरफेचा नियम आपण मुलांना शिकवतोच: टेकू योग्य जागी असला, की थोडेसे बलही मोठा भार उचलते. तेव्हा उद्या वर्गात कपाळावरच्या बोटाचा प्रयोग कराल, तेव्हा खुर्चीवर मागच्या बाकावरच्या त्या मुलालाच बसवा. आणि प्रयोग संपला, की बोट काढून घ्यायला विसरू नका.