परदेशी प्रांताशी करार आणि आपला बागायतदार

दोन देशांतील प्रांत, जिल्हे अथवा नगरे परस्परांशी सहकार्याचे नाते जोडतात, त्यांस भगिनी-प्रदेश म्हणण्याचा प्रघात आहे. याच धर्तीचा सामंजस्य करार ऑक्टोबर २०१३ मध्ये महाराष्ट्र शासन व जपानमधील वाकायामा प्रांत यांच्यात झाला. पर्यटन आणि अन्नप्रक्रिया हे त्याचे विषय होत. माळेगाव बुद्रुकच्या शेतकऱ्यास त्याचे काय, असे कोणीही विचारील.

जपानमधील निम्म्याहून अधिक 'उमे' हे फळ वाकायामात पिकते. जर्दाळूच्या कुळातील हे फळ इतके आंबट की, ते तसेच कोणी खात नाही. तोडणी जूनमध्ये, ऐन पावसात येते. म्हणून बागायतदार फळ मिठात मुरवून ठेवतो व पाऊस उघडल्यावर उन्हात वाळवतो. ही कामे बहुधा त्याच्याच आवारात होतात. टिकाऊ झालेला माल मग कारखानदाराकडे जातो. पडेल त्या भावाने तो विकण्याची निकड राहत नाही.

नीरा डाव्या कालव्याखालील माळेगावास प्रक्रिया नवी नाही. उसासाठी सहकारी साखर कारखाना आहेच. पेरूस मात्र तोडणीनंतर फार दिवस दम निघत नाही. पेरू मिठात घालावा असे नव्हे. शिकावयाचे ते बांधावरच माल टिकाऊ करण्याचे तंत्र.

यासाठी कोणते फळ, कोणत्या महिन्यात, किती वाया जाते याची गाववार नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहायक कृषी अधिकाऱ्यांनी प्रथम करावी आणि ती बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रास दाखवावी. हारतुऱ्यांचे समारंभ पुष्कळ होतात. अशी यादी हाती असल्यावाचून परदेशी पाहुण्यांस नेमके काय विचारावे, हेच उमगत नाही.