जाम झालेला नळ: जोर कुठे लावायचा, कुठे नाही

न्हाणीघरातला जुना नळ काढायला कुणी पान्हा हातात घेतला की मागून सूचना सुरू होतात. "तेल सोड." "पान्ह्याला पाईप घाल." "गरम कर, सुटेल." प्रत्येक सूचनेत थोडं तथ्य असतं, म्हणूनच त्या धोक्याच्या. नळ मोडला तर नवा आणता येतो. भिंतीतला एल्बो मोडला तर टाइल्स फोडाव्या लागतात.

मुळात गळणारा नळ काढावाच लागतो, हाच पहिला गैरसमज. जुन्या पद्धतीचा, फिरवत फिरवत बंद करायचा नळ ठिबकत असेल तर दोष बहुधा आतल्या वायसरचा असतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात आतलं स्पिंडल बदलतात. दोन्ही कामं वरचं डोकं खोलून होतात, नळ भिंतीतच राहतो. नळ चिरला असेल किंवा भिंतीलगतच्या जोडातून पाणी झिरपत असेल, तरच तो उपटायचा.

"नळ गंजलाय" हे आपण सर्रास म्हणतो, पण चांगला नळ पितळेचा असतो आणि पितळ गंजत नाही. घरातल्या जुन्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखा त्यावर हिरवा कळंक चढतो. पांढरा कठीण थर असतो तो बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमचा. गंज असतो तो पलीकडच्या जीआय पाइपाचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. पितळ आणि लोखंड ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड जास्त वेगाने झिजतं, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आट्यांमध्ये ठासून भरतो. वर जुन्या प्लंबरने लावलेला सफेदा आणि सूत सुकून दगड झालेलं असतं ते वेगळंच.

म्हणून एकच औषध सगळ्याला चालत नाही. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं तर पांढरा क्षार विरघळतो, सफेद्याला मात्र त्याने काही होत नाही. तेलाचं उलट: ते गंजाच्या फटीत शिरतं, क्षाराला ढिम्म. डब्ल्यूडी-४० हा लोकांचा रामबाण. १९५३मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो इथे तो तयार झाला तो पाणी दूर सारण्यासाठी, गंज लागू नये म्हणून. जाम आटे सोडवणं हे त्याचं मूळ काम नव्हे. तो थोडाफार झिरपतो, पण मुद्दाम त्यासाठी बनवलेलं पातळ भेदक तेल जास्त उपयोगी. तेही फवारलं आणि लगेच पान्हा लावला तर व्यर्थ. जोडावर सोडा, पान्ह्याच्या दांड्याने हलके ठोके द्या, रात्रभर ठेवा. मात्र भिंतीत सीपीव्हीसी पाईप असेल तर तेलाच्या वाटेला जाऊच नका. काही तेलांनी हे प्लास्टिक ताणाच्या जागी तडकतं.

संडास साफ करायचं ॲसिड ओतण्याचा सल्लाही मिळतो. ते क्रोमचा मुलामा आणि पितळ दोन्ही खातं. न्हाणीघरात आधी ब्लीच वापरलेलं असेल तर दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो. हा सल्ला सरळ धुडकावावा.

आता ताकद. पान्ह्यात लांब पाईप घातला की जोर दुप्पट-तिप्पट होतो हे खरं, पण तो जोर नळापाशी थांबत नाही, एल्बोपर्यंत जातो. शक्य असेल तर दोन पान्हे घ्या, एकाने मागचा जोड धरून ठेवा. एल्बो भिंतीत गाडलेला असतो तेव्हा ते जमत नाही. मग आधी नळ किंचित आवळायचा. उलटं वाटतं, पण चिकटलेला थर बऱ्याचदा तिथेच तुटतो. मग थोडा सोडायचा, पुन्हा आवळायचा, असं मागे-पुढे. अर्धा इंची नळाला एका इंचात १४ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात तो दोन मिलिमीटरही बाहेर येत नाही. घाई करून काही साधत नाही.

गरम करण्यातली गोम अशी, की तेवढ्याच उष्णतेने पितळ लोखंडापेक्षा सुमारे दीडपट फुगतं. नळ आत आणि एल्बो बाहेर, त्यामुळे नळ तापवला तर तो आणखी घट्ट बसतो! फायदा झालाच तर निवल्यावर. जीआय पाईप असेल तर उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळून निवू द्यावं, तेवढं पुरे. गॅसची ज्योत नको: टाइल तडकते, आणि सीपीव्हीसी पाईप ९३ अंशांपुढच्या उष्णतेसाठी नसतोच.

एवढं करूनही नळ मोडला आणि आट्यांचा तुकडा आत राहिला, तर भिंत फोडायची गरज नसते. हॅकसॉच्या पात्याने त्या तुकड्याला आतून दोन काप द्यायचे, एल्बोच्या आट्यांना न लागता, आणि छिन्नीने मधला भाग आत वाकवून काढायचा. नाजूक काम आहे. हात बसलेला नसेल तर प्लंबरला बोलवा. पान्हा फिरवताना नळाबरोबर भिंतीच्या आत काही हललं, तर त्याच क्षणी थांबून बोलवा.

नवा नळ बसवताना टेफ्लॉन टेप जितकी जास्त तितकं बरं, हेही खरं नाही. जाड गुंडाळी करून आवळलेला नळ प्लास्टिकचा जोड फोडू शकतो. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने ती गुंडाळा, नाहीतर आवळताना सुटते.

आणि पान्हा उचलण्याआधी गच्चीवरच्या टाकीचा आपल्या लाइनचा वॉल्व्ह बंद होतो का, ते पाहा. इमारतींत एकच उभी लाइन बऱ्याचदा वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या न्हाणीघरांना पाणी देते, तेव्हा शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. वर्षानुवर्षं न फिरवलेला तो वॉल्व्हही बहुधा जामच असेल.