पडदा इंग्रजी, आवाज मराठी

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचा मराठी पाठ लावला, तरी पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीच राहतं. मेनू इंग्रजी, सूचना इंग्रजी. आवाज तेवढा मराठी. शिकवणारा दिसत नाही, त्यामुळे सगळी मदार बोलण्यावर. पाठ साधारण दहा मिनिटांचा. ऐकायचं, थांबवायचं, तीच कृती आपल्या संगणकावर करून बघायची, मग पुढे जायचं. इथे नुसतं भाषांतर पुरत नाही. मूळ पाठ इंग्रजीत घडतो आणि मराठी आवाज त्याच चित्रावर, त्याच वेळेत बसवावा लागतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘डावीकडच्या यादीतल्या तिसऱ्या पर्यायाच्या खाली दिसणाऱ्या चौकटीवर’ एवढं ऐकून ‘क्लिक करा’पर्यंत पोचेतो कर्सर पुढे गेलेला असतो. ‘डावीकडे यादी आहे. तिसरा पर्याय बघा. खाली चौकट आहे, तिथे क्लिक करा’ असं तोडून सांगितलं, की हात आवाजाबरोबर चालतो.

म्हणूनच शिकवणाऱ्याने कोणती भाषा निवडली याइतकंच तो ती कशी बोलतो हेही महत्त्वाचं, असं माझं मत आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी 2004मध्ये श्वसनक्रियेवरच्या छोट्या निवेदनात नुसत्या ‘फुप्फुसां’ऐवजी ‘तुमची फुप्फुसं’ अशा धर्तीचा बदल केला. माहिती आठवण्यात मोठा फरक पडला नाही. पण ती नव्या प्रश्नाला लावण्यात थेट संबोधन ऐकलेले विद्यार्थी सरस ठरले. प्रयोग इंग्रजीतला, हे खरं. पण ‘पर्याय निवडण्यात येतो’ या आपल्या सरकारी वळणाला तो लागू पडावा.

नोकरी इंग्रजीतच असेल तर मराठीचे लाड कशाला, असं विचारलं जातं. पण पडद्यावरचे इंग्रजी शब्द विद्यार्थी वाचतोच आहे. मराठी फक्त त्यांच्यातला संबंध उलगडते. उलट टोकाचा आक्षेप शुद्धतेचा: मेनूतल्या इंग्रजी शब्दांनाही मराठी प्रतिशब्दच हवेत. पण डोळ्यांपुढे एक शब्द आणि कानावर दुसरा, अशी स्थिती झाली तर नवशिका शोधत बसतो. निदान सॉफ्टवेअर शिकवताना तरी हा हट्ट सोडावा. अर्थशास्त्रासारख्या विषयाची गोष्ट वेगळी. तिथे बोट ठेवायला बटण नसतं, संकल्पना शब्दांतूनच उभी करावी लागते, आणि मराठी परिभाषेचं काम तिथेच आहे.

मराठीत पाठ करणाऱ्यांनी निवेदन कागदावर तपासून थांबू नये. ते एखाद्या नवशिक्याला ऐकवावं आणि त्याचा हात कुठे अडतो ते पाहून वाक्य बदलावं.