दूरस्थ व संमिश्र कार्यपद्धतीतील कार्यगटांचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना :
कार्यालय हे कामाचे ठिकाण व हजेरी हा कामाचा पुरावा, हे समीकरण दीर्घकाळ रूढ आहे. कर्मचाऱ्याने कामाकडे जाण्याऐवजी काम कर्मचाऱ्याकडे न्यावे, हा विचार अमेरिकेतील जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ या संज्ञेद्वारे मांडला. २०२० च्या कोविड महामारीने हा पर्याय अनेक संस्थांवर सक्तीने लादला. त्यानंतर काही दिवस घरून व काही दिवस कार्यालयातून काम करण्याची हायब्रिड, म्हणजेच संमिश्र पद्धती अनेक ठिकाणी स्थिरावली. या बदलात व्यवस्थापकाची भूमिका कशी बदलते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्पादकता व पदोन्नती :
घरून काम करणारा कर्मचारी टाळाटाळ करील, ही शंका सर्वप्रथम व्यक्त केली जाते. शांघाय येथील सीट्रिप या पर्यटनसेवा कंपनीत निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये नऊ महिने याची पडताळणी केली. आठवड्यातील चार दिवस घरून काम करणाऱ्या कॉल सेंटर कर्मचाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यांपैकी सुमारे ९ टक्के वाढ रजा व विश्रांतीचा वेळ घटल्यामुळे झाली. नोकरी सोडण्याचे प्रमाणही निम्म्यावर आले.
परंतु याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक चिंतनीय आहे. कामगिरी समान असूनही घरून काम करणाऱ्यांना पदोन्नतीची संधी कमी मिळाली. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण येथे शब्दशः प्रत्ययास येते. म्हणजेच दूरस्थ पद्धतीत धोका कामाच्या प्रमाणाला नसून कामाच्या न्याय्य मूल्यमापनाला आहे.

संवादातील अंतर :
थॉमस ॲलन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, दोन अभियंत्यांच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढते तसा त्यांच्यातील संवाद वेगाने घटतो. मायक्रोसॉफ्टच्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० मधील संपर्क-नोंदींवरील अभ्यासातही असे आढळले की, पूर्णतः दूरस्थ कामामुळे कार्यगट आपापल्या वर्तुळात बंदिस्त होतात व विभागा-विभागांतील दुवे क्षीण होतात. कार्यालयात सहज घडणारा संवाद दूरस्थ पद्धतीत हेतुपूर्वक घडवावा लागतो.

संमिश्र पद्धतीचा अनुभव :
त्याच कंपनीत, म्हणजे आताच्या ट्रिप डॉट कॉममध्ये, २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग झाला. एका गटाला बुधवार व शुक्रवार घरून काम करण्याची मुभा होती. या गटात राजीनाम्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाने घटले; कामगिरी वा पदोन्नतीवर प्रतिकूल परिणाम आढळला नाही. प्रयोगापूर्वी उत्पादकता २.६ टक्क्यांनी घटेल असा व्यवस्थापकांचा सरासरी अंदाज होता. प्रयोगानंतर ती एक टक्क्याने वाढते, असे त्यांचे मत बनले.

व्यवस्थापकाची कर्तव्ये :
उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सूचित होतात.
१. प्रत्येक कामाचे अपेक्षित फलित, मुदत व दर्जा आरंभीच लेखी निश्चित करावा.
२. संपूर्ण कार्यगटाचे कार्यालयीन दिवस समान असावेत. अन्यथा कार्यालयात येऊनही सहकाऱ्यांची भेट होत नाही.
३. निर्णय व त्यामागील कारणे सर्वांना उपलब्ध होतील अशा नोंदीत ठेवावीत.
४. पदोन्नतीचे निर्णय घेताना घरून व कार्यालयातून काम करणाऱ्यांची तुलना ठरावीक काळाने तपासावी.
५. नवीन कर्मचाऱ्यास आरंभीच्या काळात अनुभवी सहकाऱ्याचा प्रत्यक्ष सहवास मिळावा.

निष्कर्ष :
दूरस्थ कार्यपद्धतीने व्यवस्थापकाकडून देखरेखीचे सर्वांत सोपे साधन, म्हणजे नजर, काढून घेतले आहे. तिची जागा संगणकीय पाळतीने भरून काढल्यास केवळ हजेरीचे स्वरूप बदलेल. विश्वास निर्माण होणार नाही. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील अध्यापकांनी ‘नियंत्रण’ ही संकल्पना शिकविताना उपस्थिती व फलित यांतील हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. कारण समोर नसलेल्या सहकाऱ्याच्या श्रमाला न्याय देणे, ही उद्याच्या व्यवस्थापकाची खरी कसोटी ठरेल.