जट सोडवताना

जट कापायला फार तर अर्धा तास लागतो. त्याआधीचं बोलणं मात्र महिनोन्‌महिने चालतं, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामाचा कस त्या बोलण्यातच लागतो, हे मी गडहिंग्लज भागातल्या एका घरात बसून पाहिलं.

पन्नाशीच्या मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान एका अंगाला कललेली. कानामागून निघालेली जट खांद्यावरून पुढे घेतलेली; हळदकुंकू, तेल आणि धूळ बसून काथ्याच्या दोरखंडासारखी कडक. केस विंचरले-धुतले नाहीत की गुंततात. घाम, कोंडा, उवा त्यात भर घालतात. असा पहिला गुंता दिसला की शेजारीण म्हणते, "आई आली." मग कंगवा बंद, पूजा सुरू, आणि भंडाऱ्याच्या प्रत्येक चिमटीसरशी गुंता आणखी घट्ट. या पट्ट्यात आई म्हणजे सौंदत्तीची यल्लम्मा. जट आलेली मुलगी देवीला सोडायची, ही इथली जुनी रीत. देवदासी निर्मूलनाच्या चळवळीला जटेपाशी यावं लागलं ते त्यामुळेच.

कार्यकर्त्या ताईंनी विज्ञान सांगितलं नाही. विचारलं, "मावशी, रात्री कुठल्या कुशीवर झोपता?" मावशी आधी गप्प राहिल्या. मग मानेचं दुखणं, वास, उवा, लग्नाकार्यात मागं बसणं, सगळं एकेक करून बाहेर आलं. शेवटी खरी गोष्ट : "कापली आणि पोराला काय झालं तर?"

"जे व्हायचं ते माझ्यावर येऊ दे. कात्री माझ्या हातात आहे."

मला हे उत्तर खटकलं. कोप वगैरे काही नसतं म्हणणाऱ्यांनी तो अंगावर कशाला घ्यायचा? पण मावशींचा चेहरा सैल झाला तो याच वाक्याला. कोंडा, उवा, केसांची रचना हे त्यांनी त्यानंतर ऐकून घेतलं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये समिती उभी केली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा कुठे काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर कायदा झाला. हा कायदा भोंदूला हात घालतो. बाईच्या स्वतःच्या मनातल्या भीतीवर मात्र त्यात कलम नाही. राज्यघटनेच्या 51 क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय. ते बजावायचं तर असं कुणाच्या तरी सोप्यात चहा घेत बसावं लागतं.

नवरा आणि सासू दोघांच्या देखत ताईंनी कात्री काढली. जट मुळाशी डोक्याला चिकटलेली नसते. खालून नवे केस वाढतात, त्यामुळे बोट जाईल एवढी फट मिळते. ताईंनी ती चाचपून शोधली, बाकीचे केस चिमट्याने बाजूला घेतले आणि थोडं थोडं कापत गेल्या. एका झटक्यात जट तुटत नाही. कात्री अडते, बोटांना वळ उठतात. खालची कातडी पांढरट, ओलसर, मध्ये खाजवून झालेल्या जखमा. त्यांना औषध लावलं. जट खाली आल्यावरही मावशींची मान कललेलीच होती, सवयीने. ताईंनी दोन्ही हातांनी ती सरळ धरली.

जटेचं काय करायचं यावर थोडी वादावादी झाली. सासूबाईंना ती यल्लम्माच्या डोंगरावर न्यायची होती. सोबतचा तरुण कार्यकर्ता म्हणाला, मग उपयोग काय झाला? ताईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. माझ्या मते बरोबर केलं. समितीचा झगडा देवाशी नाही, हे सांगायला इतकी चांगली जागा पुन्हा मिळाली नसती.

निघताना ताईंनी नवऱ्याचा नंबर वहीत लिहून घेतला. वर्षभर त्या अधूनमधून फोन करणार. म्हैस आटली, नातवाला ताप आला, की बोट जटेकडेच जाणार, आणि तेव्हा आधी दवाखान्यात जा म्हणणारं कुणीतरी फोनवर हवं.