वादळानंतरचा समुद्र

मंडळी, महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर तुमच्यापैकी पुष्कळजण कधी ना कधी उभे राहिले असतील. पायाखाली सावित्रीची खोल दरी, पलीकडे कोकणातले डोंगर, आणि पावसाने हवा धुऊन निघाली असली तर पार क्षितिजावर समुद्राची एक उजळ रेघ. सरळ रेषेत मोजले तर समुद्र इथून साठ-पासष्ट किलोमीटर. एवढ्या लांबून तो नेहमी शांतच दिसतो. वादळाच्या दुसऱ्या दिवशीही शांतच दिसतो! पण ते दिसणे फसवे आहे, आणि आज तेच आपल्याला समजून घ्यायचे आहे.

घाटावरच्या माणसाला समुद्राशी काय कर्तव्य, असे कुणी म्हणेल. पण सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या सहली दिवाळीनंतर कोकणात उतरतात. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, गणपतीपुळे ही नावे प्रत्येक गुरुजींच्या यादीत असतात. आणि अरबी समुद्रात वादळे उठण्याचे जे दोन हंगाम, त्यांतला एक मे-जूनचा आणि दुसरा नेमका हाच, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

आधी एक साधा प्रश्न. वारा पडला, तर समुद्र का पडत नाही?

त्याचे असे आहे. गव्हाच्या शेतावरून वारा गेला की पिकावर लाट धावताना दिसते. पण ओंब्या काही बांधापलीकडे जात नाहीत. त्या जागच्या जागी डुलतात. समुद्रातही पाणी जवळजवळ जागीच वरखाली फिरते, पुढे जाते ती लाट. फरक एवढाच, की वारा थांबला की पीक लगेच सरळ उभे राहते. पाण्याला मात्र एकदा मिळालेली गती सहजी सोडता येत नाही. झोपाळ्याला झोका देऊन हात काढून घेतला तरी तो किती वेळ हलत राहतो, ते आठवा.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबवरच्या पाण्यावरून वाहिला. आपल्या गावच्या तलावावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी लाट वीतभरच उठते, कारण तलावच लहान. खुल्या समुद्रात या तिन्ही गोष्टी भरपूर असतात. म्हणून वादळात सात-आठ मीटर, कधी त्याहूनही उंच लाटा उठतात.

वादळाच्या पोटात लहानमोठ्या सगळ्या लाटांचा गोंधळ असतो. तिथून बाहेर पडल्यावर त्यांची निवड होते. आखूड लाटा थोड्या अंतरात विरतात. लांब लाटा मात्र शेकडो किलोमीटर चालत जातात. एका लाटेचा माथा गेल्यापासून दुसरीचा येईपर्यंत १२ सेकंद लागत असतील, तर खोल समुद्रात त्या दोन माथ्यांमधले अंतर सुमारे २२५ मीटर भरते. अशा लाटांचा ताफा तासाला ३३-३४ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. म्हणजे एका दिवस-रात्रीत जवळजवळ ८०० किलोमीटर! वादळ गुजरातेकडे गेले, ओमानकडे गेले, अशी बातमी ऐकून आपण निश्चिंत होतो. पण त्याने सोडलेल्या लाटा तेव्हा आपल्या किनाऱ्याच्या वाटेवर असतात.

याचे चांगले उदाहरण २०१९ च्या दिवाळीत घडले. ऑक्टोबरच्या अखेरीस रत्नागिरीसमोरच्या समुद्रात ‘क्यार’ नावाचे चक्रीवादळ तयार झाले. त्याच सुमाराच्या अवकाळी पावसाने सांगलीकडच्या द्राक्षबागांचे काय केले, ते बागायतदार विसरलेले नाहीत. हे वादळ आपल्या किनाऱ्याला लागले नाही. ते पश्चिमेकडे वळले आणि भर समुद्रात महाचक्रीवादळ झाले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात इतके मोठे वादळ झाले नव्हते. तरीही कोकणच्या किनाऱ्यावर उंच लाटा आदळल्या, नौकांनी देवगडसारख्या बंदरांचा आसरा घेतला, आणि पुढे ओमान व संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यांवर वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाच समुद्राचे पाणी रस्त्यांवर आले.

दुसरे उदाहरण जास्त दुःखाचे आहे. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईसमोरून उत्तरेकडे गेले आणि त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. मुंबईच्या नैर्ऋत्येला, तेलक्षेत्रावर काम करणाऱ्या माणसांनी भरलेला ‘पी-३०५’ हा तराफा त्या संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ‘वरप्रदा’ नावाची ओढनौकाही बुडाली. तिच्यावर १३ जण होते. वादळ पुढे निघून गेले, पण समुद्र काही खाली बसला नाही. ‘कोची’, ‘कोलकाता’ या नौदलाच्या जहाजांवरील जवानांनी रात्रीच्या अंधारात, उसळत्या लाटांत एकेक माणूस वर ओढून घेतला. १८८ माणसे वाचली, ८६ गेली. वादळ गेल्यावरचा समुद्र म्हणजे काय, हे त्या जवानांनी पाहिले.

आता किनाऱ्याकडे येऊ. लांब लाट खोल पाण्यात बेमालूम असते. होडी हलकेच वर जाते आणि खाली येते. पण उथळ पाण्यात शिरली की तिचा पाय तळाला लागतो. तिचा वेग कमी होतो, मागची लाट पुढचीच्या जवळ येते, उंची वाढते, आणि शेवटी ती फुटते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो, तिथे हे हमखास घडते. त्यात ओहोटी असली तर खाडीचे पाणी समोरून जोराने बाहेर येत असते. मग लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. म्हणून जाणता तांडेल घर समोर दिसत असतानाही भरतीची वाट पाहत बाहेरच थांबतो.

आपली सावित्री महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर, महाडवरून अशाच एका मुखाशी, बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्या मध्ये, समुद्राला मिळते. आर्थर सीट ज्याच्या नावाने ओळखतात, त्या आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी आणि तान्ही मुलगी १८५३ साली बाणकोटजवळ बुडून गेल्या. तो त्या कड्यावर बसून सावित्रीच्या दरीकडे पाहत राही, असे सांगतात. पर्यटक तिथे फोटो काढतात. त्या नावामागची गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

मग करायचे काय? पहिले म्हणजे, आकाश पाहून समुद्राचा अंदाज करू नये. वादळ गेल्यावर ऊन लख्ख पडते, वारा मंद होतो, आणि माणूस फसतो तो तेव्हाच. आकाशवाणीवरून मच्छिमारांसाठी दिली जाणारी सूचना ऐकावी. हवामान खाते वाऱ्याचा इशारा देते, बंदरावर बावटा चढतो; हैदराबादचे महासागर माहिती केंद्र लाटांचा अंदाज सांगते. नाखवा होडी बाहेर काढत नसेल, तर आपण पोरांना पाण्यात सोडू नये.

दुसरे, ‘लाटा ३ मीटर’ असे सांगितले म्हणजे प्रत्येक लाट तेवढीच, असा अर्थ नाही. मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यांतच एखादी पाच-सहा मीटरचीही निघते. दहा मिनिटे कोरडा राहिलेला खडक अकराव्या मिनिटाला धुऊन निघतो. तेव्हा खडकावर जाऊ नये.

तिसरी गोष्ट गुरुजींसाठी. किनाऱ्यावर गेल्यावर वाळूत दूर उभे राहून मुलांना घड्याळ लावून लाटा मोजायला सांगा. दोन लाटांमध्ये पाच-सहा सेकंद भरले, तर त्या बहुधा जवळपासच्या वाऱ्याच्या. बारा-चौदा भरले, तर त्या लांबून आल्या आहेत. कुठेतरी मोठा वारा सुटला होता, किंवा अजून सुटलेला आहे. अशा लांब लाटा वादळाच्या पुढेही धावतात, म्हणून हा कधी कधी येणाऱ्या वादळाचा निरोपही असतो. भूगोलाचा असा धडा फळ्यावर शिकवता येत नाही.

आणि लाटा लांबच्या निघाल्या, तर त्या दिवशी पाण्यात उतरणे नाही. मुले हिरमुसतील, ‘गुरुजी, एकदाच!’ म्हणतील. म्हणू द्यावे. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. मुले मात्र संध्याकाळी मोजून गाडीत बसवायची आहेत, जितकी आणली तितकीच.